एक्स-रेमधली घागरवाली

डोक्यावर घागर घेतलेली एक बाई मी खानदेशात साक्रीपासून बोदवडपर्यंत इतक्या भिंतींवर काढली आहे की लोक मला विसरतील, तिला विसरणार नाहीत. शाळेची भिंत, दवाखान्याचं कुंपण, पाण्याच्या टाकीचा बुंधा. निळं लुगडं, पिवळी घागर, एक हात कमरेवर. दुसरा हात नाही. पेंटर, बाईचा दुसरा हात कुठं गेला, असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. खाली 'पाणी जपून वापरा' लिहिलेलं असलं की माणसं बाईचे हात मोजत बसत नाहीत.

तो हात कुठं गेला आणि शेवटी कसा मिळाला, तेवढंच लिहितो. या अंकाच्या संपादक ताईंनी फोनवर 'समाजाशी जोडलेली कला आणि तुम्ही' असा विषय सांगितला तेव्हा मी म्हटलं, ताई, मी कुठला जोडलेला, मला जोडून घेतलं होतं, तेही रोजावर. त्या म्हणाल्या, मग तेच लिहा. माझं शिक्षण सातवी. तेव्हा यात काही बरं वाटलं तर ताईंनी हात फिरवलाय असं समजावं.

मी मूळचा कुडाळकडचा. आमच्याकडे गणपती करतात त्या जागेलाही शाळाच म्हणतात. मी सातवीत एक शाळा सोडली आणि काकाच्या दुसऱ्या शाळेत बसलो. तिथं डोळे काढायला शिकलो. गणपतीचे डोळे काढताना श्वास धरायचा असतो. अजूनही ब्रश टेकवताना माझा श्वास आपोआप थांबतो, मग समोर 'येथे कचरा टाकू नये' का असेना. पुढे काकाचे मुलगे हाताशी आले आणि माझा हात जास्तीचा झाला. गावचा एकजण धुळ्यात हॉटेलात वेटर होता, त्याच्या मागोमाग आलो. महिनाभर बघू म्हणालो होतो. अजून बघतोच आहे.

धुळ्यात मला ठेवून घेतलं हमीदचाचांनी. देवपुरात, पांझरेच्या पुलापासून जवळच त्यांचं पेंटिंगचं दुकान होतं. मला काय येतं विचारलं. म्हटलं, डोळे. चाचा म्हणाले, "डोळ्यांचं काय करू? किराणा दुकानाच्या पाटीला डोळे लागत नाहीत. अक्षर काढ." मी 'श्री' काढला. तो त्यांनी पुसला नाही, एवढ्यावरून मी समजलो की राहिलो. दुकानाच्या मागच्या खोलीत झोपायला जागा दिली, आणि चाचींनी बाजाराच्या दिवशी कुठून कुठून नदीची मासळी आणून रांधली, कारण 'कोकणातलं पोर डाळीवर वाळेल'. मी कोणत्या देवाला हात जोडतो हे त्या घरात कुणी विचारलं नाही. कोणता मासा आवडतो हे विचारलं.

आता एक्स-रेचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एकच चित्र शंभर भिंतींवर काढायचं तर पेंटर साचा करतो. कागदाचा साचा दोन भिंतींत भिजून जातो. जुन्या एक्स-रेची फिल्म मात्र वाकते, फाटत नाही, आणि रंग पुसला की पुन्हा कोरी. चित्र फिल्मवर उतरवायचं, ब्लेडने कापायचं, फिल्म भिंतीला धरायची आणि बोळ्याने रंग थोपटायचा. कापताना मध्ये बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात, त्यांना पूल म्हणतात. पूल नसेल तर मधला तुकडा गळून पडतो. चाचांनी घागरवाली अशीच दोन फिल्मा जोडून कापली. घागर झाली, पदर झाला, कमरेवरचा हात झाला, आणि घागर धरलेला हात कापताना ब्लेड घसरली. पूल तुटला. हात खाली पडला. दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं. चाचांनी ती फट चिकटपट्टीने बुजवली आणि म्हणाले, "पदराखाली आहे समज."

मी समजलो. माझ्यानंतर सगळा मुलूख समजला. हे काम मी करायला लागलो तेव्हा ती फिल्म उजेडाला धरली की बाईच्या पोटात कुणा अनोळखी माणसाच्या बरगड्या दिसायच्या. तो बरा झाला असावा अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

पुढे फ्लेक्स आलं आणि पाट्या गेल्या. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, त्यांनी ब्रश आणि फिल्मा माझ्या हवाली केल्या. माझं पोट मग भिंतींवर आलं, म्हणजे समाजप्रबोधनावर. मी सांगतो, प्रबोधनासारखं बिनधोक गिऱ्हाईक नाही. संदेश चुकला म्हणून कुणी परत आणून देत नाही. बोदवड स्टेशनच्या वाटेवर एका पानटपरीवर मी 'तंबाखू सोडा, जीवन जोडा' लिहिलं. टपरीवाले गजूभाऊ जागा द्यायला तयार झाले, अट एकच, खाली टपरीचं नाव मोठं पाहिजे. लिहिलं. गजूभाऊ दोन पावलं मागे सरून बघत म्हणाले, "झकास! आता लांबून दिसेल गिऱ्हाइकाला." जळगावकडे एका शाळेवर 'प्रत्येक मूल शाळेत' लिहीत होतो, तर हेडसरांनी मागे उभं राहून विचारलं, "पेंटर, तुमचं शिक्षण किती?" मी म्हटलं, "सर, जरा बाजूला होता का, रंग ओला आहे." शाळेच्या भिंतीला बाहेरून चिकटलेलो असलो तरी मला अजून वाटतं, कुणीतरी खिडकीतून हाक मारेल आणि म्हणेल, तू, आत ये, उभा राहा.

अशात रेवती मॅडम आल्या.

पुण्याच्या कुठल्याशा संस्थेकडून आल्या होत्या. साक्रीच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक गाव आहे, तिथं त्यांना 'लोकांच्या हातून लोकांचं चित्र' करायचं होतं. मोठी भिंत रंगवणारा माणूस पाहिजे होता. कुणीतरी माझं नाव दिलं. मी धास्तावलो, कारण मॅडम कलेची मोठी शाळा शिकलेल्या. पण त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतः चहा आणून दिला आणि म्हणाल्या, "दिगूदादा, तुम्ही मजूर नाही, सहकलाकार." मी चहा घेतला. मजुरी तीच ठरली होती, पण चहा गोड लागला.

भिंत ठरली सुपडाबाईंची. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. घर रस्त्याला लागून, पुढची भिंत लांबरुंद, बसमधून उतरलं की समोर तीच. अक्का विधवा, दोन्ही मुलगे सुरतेला कापडाच्या कामावर. भिंत द्याल का विचारल्यावर अक्का म्हणाल्या, "ल्या ना. नाहीतरी कोरी शे. फक्त कानबाईना सनले माले घर चांगलं दिसायला पाहिजे."

मॅडमनी बायकांना देवळासमोर गोळा केलं, कागद आणि खडू वाटले आणि सांगितलं, काही शिकवणार नाही, तुमच्या मनातली बाई काढा. मग त्या झाडाखाली लांब जाऊन बसल्या, कुणावर दडपण नको म्हणून. बायका आधी हसल्या, मग एकमेकींच्या कागदात बघितलं, मग वाकून काढायला लागल्या.

संध्याकाळी मॅडमनी सगळे कागद देवळाच्या ओट्यावर मांडले. एकेक उचलून पाहिला. मग मला म्हणाल्या, "दादा, बघा. सगळ्यांनी घागर काढलीय. सगळ्यांनी कमरेवर हात काढलाय. आणि..." त्यांनी कागदांवरून बोट फिरवलं. "एकीनेही दुसरा हात काढलेला नाही. बाईचा हात हिरावून घेतलाय, आणि हे त्यांना आतून माहीत आहे. हे कुणी शिकवलेलं नाही, दादा."

मी वाकून बघितलं. ओट्यावर माझीच घागरवाली पसरली होती. पदराची चुणीसुद्धा चाचांची. देवळाच्या पलीकडेच शाळा, शाळेच्या भिंतीवर मीच काही वर्षांपूर्वी थोपटलेली ती उभी, रंग उडालेला, हात नाही.

मी गप्प बसलो असतो तर सोपं होतं, पण भीतीने माझं तोंड उलट सुटतं. सगळं सांगितलं. चाचा, फिल्म, ब्लेड, पूल. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "किती विलक्षण! म्हणजे तुम्हीही त्याच स्मृतीचा भाग आहात."

"मॅडम, ब्लेड घसरली होती."

"तीच का घसरली, तिथंच का घसरली, हा प्रश्न आहे."

मी चाचांना फोन लावला. चाचा हसता हसता खोकले आणि म्हणाले, "अरे दिगू, वो हाथ तो मैं कितने दिन ढूँढता रहा. दुकान में ही गिरा था." मग जरा थांबून, "उनको बोल, ब्लेड मेरी थी. नाम लिखना है तो मेरा भी लिखो."

भिंतीवर घागरवाली उभी राहिली. साच्याने नाही, चौकटी पाडून मोठी केली, रस्त्यापासून पत्र्यापर्यंत. मॅडम म्हणाल्या, बायकांनी काढली तशीच, एक रेघ बदलायची नाही. मी बदलली नाही. इमानाने सांगतो, डोळे मी फार चांगले काढले. श्वास धरून. हात जिथं असायला हवा तिथं कोरी भिंत. पंधरवड्यानंतर संस्थेचे पाहुणे बघायला येणार होते, त्यांच्यासमोर मॅडम त्या कोऱ्या जागेबद्दल बोलणार होत्या.

अक्का त्या काळात शेतात. निंदणीचे दिवस, सकाळी जायच्या, दिवेलागणीला यायच्या. चित्र वरून खाली येत होतं आणि वर पावसासाठी ताडपत्री होती. ताडपत्री काढली त्या दिवशी अक्का दुपारीच घरी आल्या. रस्त्यात उभ्या राहिल्या. डोक्यावरचा गवताचा भारा खाली टाकला.

"कोकनी भाऊ," त्या म्हणाल्या, "मना दारवर थोटी बाई काढी ठेवी?"

खानदेशाबाहेरच्या वाचकांना कानबाई सांगायला हवी. श्रावणातल्या एका रविवारी ही देवी घरी बसते. नारळाला सजवतात, नथ घालतात, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर. त्या दिवशीच्या जेवणाला रोट म्हणतात आणि तो फक्त भाऊबंदांनी खायचा, परक्याला घास नाही. त्यासाठी घरं धुऊन रंगवतात, आणि पोटासाठी सुरत-नाशिकला गेलेली माणसं दिवाळीला येतील न येतील, कानबाईला येतात. अक्कांच्या भाऊबंदांत कानबाई दरवर्षी पाळीने एकाच घरी बसते. यंदा बऱ्याच वर्षांनी मान अक्कांचा होता. तो धाकट्या जावेला हवा होता. आणि जाऊ सकाळीच चित्राखाली उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून गेली होती, "बाई ते बेस काढी. पन थोटीना दारमा देवी कशी बसाडतीन, माय?"

अक्का ओट्यावर बसल्या. इतका वेळ रागात होत्या, आता आवाज उतरला. "कानबाई तिना घर गयी, ते मना पोरे बी तठेच उतरतीन. त्या कानबाईकरता येतस. माले देखाले नही." हात जोडल्यासारखं करून मला म्हणाल्या, "चुना मारी दे, भाऊ. पांढरी करी दे."

मी मध्ये सापडलो. एकीकडे मॅडम, ज्यांनी मला पहिल्यांदा कलाकार म्हटलं. दुसरीकडे ही बाई, जिच्या ओट्यावर मी रोज पाणी पीत होतो. चुना मारला तर मॅडमचं काम जातं, नाही मारला तर हिची देवी जाते, आणि दोन्हीत माझा ब्रश. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, पानटपरीच बरी होती.

मॅडमना बोलावलं. त्या अक्कांसमोर खाली मातीत बसल्या. म्हणाल्या, "अक्का, पण ही तुम्हीच काढलीत ना? तुम्हा सगळ्यांच्या मनातली."

"मनमातली?" अक्का म्हणाल्या. "तू बाई काढा सांगं, आम्हनी बाई काढी. साळानी भितवर शे तशी. सरकारी लोकेस्ले तीच आवडस ना? जो येस तो तीच काढस."

मॅडमनी मान वळवून शाळेकडे बघितलं. पंधरा दिवस त्या तिच्यासमोरून जात-येत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, हाही स्मृतीचा भाग. पण तसं त्या म्हणाल्या नाहीत.

अक्कांनी त्यांचं मनगट धरलं. "तुले दोन हात शेतस ना?"

"हो."

"मंग तिले एकच कसाले?"

मॅडम त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिल्या. ती त्यांच्या पाहुण्यांसाठीची जागा होती, तिच्यावर त्या रोज संध्याकाळी काहीतरी लिहीत बसायच्या. मग एकदम हसल्या. आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, "दिगूदादा, हात काढा."

"मॅडम, मला हात येत नाही."

"म्हणजे?"

"डोळे येतात. अक्षर येतं. वर उचललेला हात कधी काढलाच नाही. म्हणून तर इतकी वर्षं चाललं."

त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला आणि शिडी चढल्या. दोन पायऱ्या चढून थांबल्या. "अक्का, घागर आहे का घरात? उचलून उभ्या राहा."

"नळ उना तवयपाईन उचलीच नही, माय." तरी अक्का आत गेल्या, माळ्यावरची पितळी घागर धुळीसकट आणली, चुंबळ विसरल्या, परत जाऊन ती आणली. घागर डोक्यावर घेतली आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. एसटी आली ती थांबली. कंडक्टरने दारातून विचारलं, "अक्का, पाणी गेलं का काय?" अक्का हलल्या नाहीत. "चूप, मना हात काढी राह्यनी ती."

आणि मॅडमनी हात काढला. मी तोंड उघडं टाकून खाली उभा. खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट, घागरीच्या काठावर रुतलेली बोटं, बोटांच्या सांध्यांवरचा ताण. असा हात मी काकाच्या शाळेतही पाहिला नव्हता. पंधरा दिवस आम्ही बरोबर काम करत होतो आणि मॅडमना असा हात येतो हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. कसं असणार? त्यांच्या कलेत चित्र त्या काढत नव्हत्या, लोकांकडून काढून घेत होत्या.

फक्त करंगळी वाकडी काढली होती, बाहेर निघालेली. मी शिडी धरून हळूच म्हटलं, "मॅडम, करंगळी जरा सरळ करून घेऊ का?" अक्का खालून म्हणाल्या, "राहू दे. रहाटमा मोडेल शे ती. मनीच शे."

रविवारी कानबाई अक्कांच्याच घरी आली. जाऊ दोन हात मोजून आत गेली.

मुलगे मात्र सकाळी आले नाहीत. अक्का आत-बाहेर करत होत्या. मॅडम आणि मी समोरच्या ओट्यावर बसलो होतो. आम्ही परके, आत आमचं काम नव्हतं. दुपारच्या बसने दोघं उतरले, सुरतेच्या पिशव्या घेऊन. मोठा भटू पुढे. त्याला घर ओळखू येईना. त्याने पांढरी भिंत सोडली होती, समोर रंगीत डोंगर उभा. तो तसाच पुढे त्याच्या काकाच्या, म्हणजे त्या जावेच्या घराकडे चालू लागला. अक्का दारातून बघत होत्या आणि हाक मारत नव्हत्या. मला हाक मारावीशी वाटली. परक्याने मारावी की नाही याचा विचार करत बसलो.

पाच-सहा घरं पुढे गेल्यावर धाकटा थांबला. मागे वळला. भिंतीकडे बोट केलं.

"आरे दादा," तो म्हणाला, "हाऊ ते मायना हात शे!"

भटू परत आला, मान वर करून करंगळी बघितली. पिशवी खाली ठेवली. दारात अक्का होत्याच. "कवयपासून उभी शे मी," त्या एवढंच म्हणाल्या, आणि आत जाऊन भांडी आपटू लागल्या.

रोट आम्हाला मिळाला नाही. मॅडमनी विचारून बघितलं, थोडी चव तरी. अक्का म्हणाल्या, "नही माय, तो भाऊबंदना." आमच्यासाठी वेगळा भात आणि पिठलं बाहेर आलं. मॅडम जेवता जेवता म्हणाल्या, "इतके दिवस मी या लोकांत सहभागी होत होते ना, दादा?" मी म्हटलं, "मी तर या मुलखात जन्म काढला, मॅडम. पिठलं गरम आहे, घ्या." पाहुणे ठरल्या दिवशी आले. त्यांना भिंत छान वाटली, पण थोडी साधी. एकाने विचारलं, यात नेमकं सांगायचं काय आहे? मॅडम म्हणाल्या, ही अक्कांची भिंत आहे. खाली कोपऱ्यात तीन नावं आहेत, मॅडमचं, माझं आणि हमीदचाचांचं. चाचांना मी फोटो दाखवला. त्यांना नाव दिसलं नाही, पण मोबाइल डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "हाथ मिल गया."

घागरवालीची फिल्म अजून माझ्याकडे आहे. हात नव्याने कापायला गेलो तर बाकीची बाईही गळून पडेल, म्हणून कापत नाही. भिंतीवर ती थोपटून झाली की तो दुसरा हात मी ब्रशने वरून काढतो, श्वास धरून. मला एकच हात काढता येतो, अक्कांचा. त्यामुळे आता साक्रीपासून बोदवडपर्यंत ज्या ज्या भिंतीवर नवी घागरवाली उभी आहे, तिची करंगळी वाकडी आहे. पुढे कुणी शिकलेलं माणूस यावर विचार करायला आलं, तर त्यांनी मला विचारावं. मी खरं सांगेन. ते काय समजायचं ते समजतील.